व्हिडिओ लायब्ररी का बंद पडल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅसेट आणि डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या, विशेषतः स्वतंत्र, दुकानांचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात, आणि बहुतेकांच्या मागे एकच समजूत असते की इंटरनेट आलं आणि दुकानं गेली. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजलं नाही, तर आपल्या हातून नेमकं काय गेलं तेही समजत नाही. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

‘स्वतंत्र’ दुकान म्हणजे कोणतं?

ज्याचा मालक स्वतः गल्ल्यावर बसतो ते. कोणती कॅसेट घ्यायची हे तोच ठरवतो आणि अंदाज चुकला तर पैसेही त्याचेच बुडतात. साखळी दुकानांत खरेदी मुख्यालयातून होते, त्यामुळे शंभर दुकानांच्या फळ्यांवर तोच माल दिसतो.

हा धंदा मुळात सुरू कसा झाला?

सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस. घरी कॅसेट लावायच्या यंत्राचे, म्हणजे व्हीसीआरचे, हे दोन प्रकार. टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून सवडीनं बघायचा, एवढाच तेव्हा या यंत्रांचा उपयोग मानला जात होता. तयार चित्रपट कॅसेटवर विकावा हे आंद्रे ब्ले या मिशिगनच्या व्यावसायिकाला सुचलं. त्यांनी १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपटांचे हक्क मिळवले आणि त्यांच्या कॅसेट विकायला काढल्या. त्याच वर्षाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन यांनी त्या कॅसेट विकत घेऊन एका लहानशा गाळ्यातून भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडं दिवसाला १० डॉलर आणि वर्षाची मेंबरशिप ५० डॉलर.

पहिलेपणाचा मान मात्र जर्मनीतल्या कासेल शहराला दिला जातो. तिथं एकहार्ट बाऊम यांनी १९७५ मध्येच ‘फिल्म-शॉप’ उघडलं होतं.

सुरुवात कोणत्याही बड्या कंपनीनं केली नाही, हे इथं लक्षात घ्यायला हवं. एकेकट्या माणसांनी पदरचे पैसे घालून केली. पुढची दहा वर्षं जगभर हा धंदा वाढला तो अशाच माणसांच्या जिवावर.

स्टुडिओंनी हे चालू कसं दिलं?

त्यांना ते मुळीच नको होतं. कॅसेट एकदा विकली की पुढे ती पन्नास वेळा भाड्याने गेली तरी स्टुडिओला त्यातलं काही मिळत नसे. पण अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात ‘पहिल्या विक्री’चं तत्त्व आहे. १९०८ मध्ये पुस्तकांच्या किमतीवरून झालेल्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. एखादी प्रत रीतसर विकली गेली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. घेणाऱ्यानं ती विकावी, कुणाला द्यावी किंवा भाड्याने लावावी.

स्टुडिओंनी हा नियम बदलून घ्यायचा प्रयत्न केला. गाण्यांच्या रेकॉर्ड भाड्याने देण्यावर १९८४ मध्ये अमेरिकेत बंधन आलंही, पण व्हिडिओवर आलं नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बीटामॅक्सच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की घरी बघण्यासाठी कार्यक्रम टेप करणं बेकायदा नाही. यंत्र वाचलं आणि दुकानंही वाचली. युरोपात पुढे १९९२ च्या निर्देशानं भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्यांच्या हाती दिला, पण तोवर धंदा घट्ट रुजला होता.

हा मुद्दा नीट समजून घ्या, पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. फळीवरची प्रत दुकानदाराच्या मालकीची होती. ती परत मागायचा अधिकार कुणालाच नव्हता.

मग दुकानं इंटरनेटनंच मारली ना?

शेवटचा घाव इंटरनेटचा. पण त्याआधी बरंच रक्त गेलं होतं, आणि तो हिशेब सहसा कुणी सांगत नाही.

नव्वदच्या दशकात नव्या चित्रपटाची भाड्यासाठीची कॅसेट दुकानदाराला घाऊक भावात साधारण ६५ डॉलरला पडायची. समजा, एका वेळचं भाडं तीन डॉलर. म्हणजे ती बावीस वेळा गेल्यावर कुठे मुद्दल सुटणार. नवा चित्रपट आला की पहिले दोन-तीन आठवडे झुंबड, नंतर तीच कॅसेट धूळ खात पडणार. त्यामुळे छोटा दुकानदार नव्या चित्रपटाच्या दोन-तीन प्रतीच घ्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी चौथं गिऱ्हाईक आलं की ‘बाहेर गेलीय, सोमवारी येईल’ असं सांगायचा.

१९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या बड्या साखळीनं मोठ्या स्टुडिओंशी वेगळाच करार केला. कॅसेट विकत घेण्याऐवजी आगाऊ थोडेच डॉलर द्यायचे आणि भाड्याच्या उत्पन्नातला साधारण ४० टक्के वाटा स्टुडिओला द्यायचा. आता त्यांना एका चित्रपटाच्या पन्नास-साठ प्रती ठेवणं परवडायला लागलं. हवा तो नवा चित्रपट हमखास मिळेल, अशी जाहिरातही त्यांनी केली. स्वतंत्र दुकानदाराच्या दारातून रिकाम्या हातानं परतलेलं गिऱ्हाईक सरळ तिकडे जायला लागलं. स्वतंत्र दुकानदारांनी टेक्सासमध्ये खटला भरला की या अटी आम्हाला का नाहीत. २००२ मध्ये ते हरले.

तेव्हा घरोघरच्या इंटरनेटवर अख्खा चित्रपट सलग बघणं शक्यही नव्हतं. पण दुकानं बंद व्हायला लागली होती. माझ्या मते स्वतंत्र दुकानांचं कंबरडं इथंच मोडलं. नव्या चित्रपटांचा पैसा हातचा गेला, आणि त्याच पैशावर जुने, कमी चालणारे, पण महत्त्वाचे चित्रपट फळीवर टिकून होते.

त्यात डीव्हीडी आली, जपानमध्ये १९९६ ला आणि अमेरिकेत १९९७ ला. ती सुरुवातीपासूनच लोकांना विकत घेता येईल अशा किमतीला निघाली आणि किराण्याच्या मोठ्या दुकानांत साबणाशेजारी मिळायला लागली. विकत घेणं आणि भाड्याने आणणं यांतलं अंतर इतकं कमी झालं की अनेकांनी भाड्याचा नाद सोडला.

इंटरनेटनं नेमकं काय केलं?

तीन वेगवेगळे वार केले, एकापाठोपाठ.

पहिला वार टपालातून आला. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ मध्ये नेटफ्लिक्स स्थापन केली आणि एप्रिल १९९८ मध्ये ९२५ शीर्षकांसह तिचं संकेतस्थळ सुरू झालं. डीव्हीडी पातळ आणि हलकी असल्यामुळे साध्या पाकिटातून जायची, कॅसेटच्या बाबतीत ते परवडलं नसतं. १९९९ मध्ये महिन्याची वर्गणी आली, दंड नाही, मुदत नाही. लोकांना यातली सोय तेवढी दिसली. स्वतंत्र दुकानदाराला जे दिसलं ते जास्त गंभीर होतं. साखळी दुकानांनी नवे चित्रपट पळवले तरी दुर्मीळ चित्रपट ही त्याची शेवटची गढी होती. मध्यवर्ती गोदामातून देशभर माल पाठवणाऱ्याला मात्र वर्षातून दोनदा मागणी येणारी डिस्कही परवडते, कारण मागणारे सगळ्या देशातून येतात. गढीला तिथं खिंडार पडलं.

दुसरा वार फुकट डाउनलोडचा. बिटटोरेंट, म्हणजे लोकांनी आपसांत मोठ्या फाइली वाटून घ्यायचं तंत्र, २००१ मध्ये आलं, ब्रॉडबँड पसरलं, आणि जे चित्रपटवेडे आठवड्याला चार-पाच कॅसेट न्यायचे, तेच आधी दिसेनासे झाले. दुकानाचा रोजचा गल्ला त्यांच्यावर चालायचा.

तिसरा वार स्ट्रीमिंगचा. नेटफ्लिक्सनं ते जानेवारी २००७ मध्ये सुरू केलं. त्यानंतर धंदा फार दिवस तग धरणार नव्हता. टपालानं डिस्क पाठवणंही त्यांनी २९ सप्टेंबर २०२३ ला थांबवलं, म्हणजे ज्या सेवेनं दुकानांना मागे टाकलं तीही स्ट्रीमिंगपुढे टिकली नाही. आणि तिच्याबरोबर तिचा डिस्कचा प्रचंड साठाही लोकांना मिळेनासा झाला.

ब्लॉकबस्टर बुडाली तेव्हा छोट्या दुकानांना फायदा झाला असेल?

फारसा नाही. २००४ मध्ये ब्लॉकबस्टरची जगभर सुमारे ९,००० दुकानं होती. नेटफ्लिक्सच्या संस्थापकांनी सांगितल्याप्रमाणे २००० मध्ये त्यांनी आपली कंपनी ५ कोटी डॉलरला ब्लॉकबस्टरला देऊ केली होती, पण तिनं ती घेतली नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ब्लॉकबस्टरनं दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत कंपनीची अमेरिकेतली स्वतःची दुकानं बंद झाली. पण तोवर बाहेर पडून चित्रपट आणायची सवयच मोडली होती. शेजारचं मोठं झाड पडल्यावर लहान रोपाला ऊन मिळतं खरं, पण जमीनच खचली असेल तर काय करणार?

मार्च २०१९ पासून ते नाव लावणारं एकच दुकान उरलंय, ऑरेगनमधल्या बेंडमध्ये. ते आधीपासून फ्रँचायझी होतं, म्हणजे मालक स्थानिकच. शेवटी टिकलं ते असं, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

उशिराच्या दंडाला लोक कंटाळले होते, हे खरं का?

खरं आहे. २००० साली ब्लॉकबस्टरला दंडातून सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले होते, एवढ्यावरून लोकांचा राग समजावा. छोट्या दुकानदारासाठी दंडाचं गणित वेगळं होतं. त्याच्याकडे एकच प्रत असायची, आणि ती आली नाही तर पुढची तीन गिऱ्हाइकं परत जायची. ओळखीच्या माणसाचा दंड तो बऱ्याचदा सोडूनही द्यायचा. पण लोकांच्या मनात चीड बसली ती सगळ्याच दुकानांबद्दल.

गल्ल्यावरचा माणूस सुचवायचा तसंच ॲपही सुचवतं. मग फरक काय?

ॲपला आपण काय बघितलं ते कळतं. माणसाला आपण काय बघून नाराज झालो तेही कळायचं, कारण कॅसेट परत देताना तोंडावरच दिसायचं.

जरा जवळून सांगते. कॅसेट परत आली की जाणता दुकानदार आधी तिच्या बाजूची छोटी कळ दाबून पुढची झडप उघडतो. आत अर्धा इंच रुंदीची काळपट फीत दिसते, दोन तासांच्या कॅसेटमध्ये ती जवळपास २५० मीटर भरते. फितीची कड चुरगळली असेल तर घरच्या व्हीसीआरनं ती खाल्लीय. मग कॅसेट रिवाइंड करून लावून बघायची. पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा कुठे येतात ते बघायचं, कारण लोक एकच जागा थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघतात आणि फीत तिथंच झिजते. कोणत्या चित्रपटातला कोणता प्रसंग लोकांना सोडवत नाही, हे दुकानदाराला त्या रेघांवरून कळायचं. आणि मग तो पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘हा न्या, मधला अर्धा तास संथ आहे, पण सोडू नका.’

मधला अर्धा तास संथ आहे, हे कुठलंही ॲप आपणहून सांगत नाही. त्याला आपण पडद्यासमोर बसून राहायला हवे असतो. दुकानदाराला आपण पुढच्या शनिवारी परत यायला हवे असायचो, त्यामुळे खोटं सांगून त्याचं चालत नसे.

दुकानात बसून घडलेली माणसंही होती. पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले क्वेंटिन टॅरेंटिनो कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचमधल्या ‘व्हिडिओ आर्काइव्ह्ज’ या दुकानात पाच वर्षं गल्ल्यावर होते. पुढे त्यांचे सहलेखक झालेले रॉजर ॲव्हरीही तिथंच काम करत. दुकान बंद पडल्यावर टॅरेंटिनोंनी तिथल्या कॅसेट विकत घेऊन ठेवल्या.

आता सगळे चित्रपट ऑनलाइन मिळतातच ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

स्ट्रीमिंग सेवेकडे चित्रपट नसतो, तो ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक देशांत दाखवण्याचा परवाना असतो. मुदत संपली की चित्रपट गेला. परवाना देणाऱ्याला नको वाटलं तरी गेला. २०२२ पासून तर काही मोठ्या सेवांनी स्वतःच बनवलेले कार्यक्रमही खर्च आणि कर वाचवण्यासाठी काढून टाकले, आणि त्यातले काही कधी डिस्कवर निघालेच नव्हते.

दुसरी अडचण हक्कांची. ऐंशीच्या दशकात करार झाले तेव्हा इंटरनेट कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. चित्रपटातल्या एखाद्या गाण्याचा हक्क फक्त थिएटर आणि कॅसेटपुरता घेतलेला असतो. आता तो नव्यानं घ्यायचा तर चित्रपटातून मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त खर्च येतो. निर्माती कंपनी बुडालेली असेल तर सही कुणाची घ्यायची हाच प्रश्न. असे चित्रपट कपाटात पडून राहतात.

तिसरी अडचण माध्यम बदलण्याची. कॅसेटवरून डीव्हीडी, डीव्हीडीवरून ब्लू-रे, तिथून स्ट्रीमिंग. दर वेळी काही चित्रपट मागे राहतात. लहान निर्मात्यांचे भयपट, माहितीपट, स्थानिक भाषांतले चित्रपट, शिकवण्या आणि मैफिलींच्या फिती, यांतलं बरंच काही फक्त व्हीएचएसवरच निघालं. दुकान बंद होताना त्या कॅसेट किलोच्या भावानं गेल्या किंवा कचऱ्यात गेल्या. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त चटका लावणारं हेच वाटतं. दुकानं पुन्हा उघडता येतात, पण कॅसेट गेली की गेली.

बंद पडलेल्या दुकानाच्या साठ्याचं काय होतं?

बहुतेक वेळा तो फुटतो. गाजलेले चित्रपट पटकन विकले जातात आणि उरलेल्यांना कुणी वाली नसतो. न्यूयॉर्कच्या ‘किम्स व्हिडिओ’ची हकिकत त्यामुळेच सांगावीशी वाटते. योंगमन किम यांनी आपल्या कपडे धुण्याच्या दुकानात कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये वेगळं दुकान काढलं. साठा वाढत सुमारे ५५,००० शीर्षकांवर गेला. २००८ मध्ये मुख्य दुकान बंद करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की संग्रह अखंड ठेवणाऱ्याला आणि जुन्या सभासदांसाठी तो खुला ठेवणाऱ्याला आपण तो देऊन टाकू. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सालेमी गावानं तो मागून घेतला. १९६८ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं गाव, त्याला नवं चैतन्य द्यायचं होतं.

तिथं संग्रहाची आबाळ झाली. कबूल केलेल्या गोष्टी झाल्या नाहीत आणि खोकी वर्षानुवर्षं पडून राहिली. अखेर २०२२ मध्ये संग्रह न्यूयॉर्कला परतला आणि एका चित्रपटगृहाच्या आवारात पुन्हा लोकांना मिळायला लागला. एवढा नामांकित संग्रह चौदा वर्षं असा हिंडला, तिथं नाव नसलेल्या दुकानांच्या साठ्याची काय कथा.

मी काय बघतो याची नोंद दुकानदाराकडेही असायचीच की?

असायची. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॉर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा एका साप्ताहिकानं त्यांनी भाड्याने नेलेल्या चित्रपटांची यादी छापली. त्यावरून इतका गदारोळ झाला की १९८८ मध्ये अशी माहिती उघड करण्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच झाला. आज आपण कुठे थांबलो, काय अर्धवट सोडलं, याचीही नोंद होते. तेव्हा नोंद असायची एका वहीत किंवा एका संगणकात.

अजून टिकलेली दुकानं आहेत का? ती कशी टिकली?

आहेत, आणि नीट पाहिलं तर त्यांच्यात एक साम्य दिसतं. त्यांनी धंद्याचं रूप बदललं, पण साठा सोडला नाही.

सिॲटलचं ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ १९८८ चं. २०१४ मध्ये ते ना-नफा संस्था झालं. त्यांच्याकडे १,४०,००० हून अधिक शीर्षकं आहेत, कुठल्याही एका स्ट्रीमिंग सेवेपेक्षा कितीतरी जास्त. पोर्टलँडचं ‘मूव्ही मॅडनेस’ २०१७ मध्ये तिथल्याच एका ना-नफा चित्रपटगृहानं लोकवर्गणीतून विकत घेतलं. लॉस एंजेलिस परिसरातलं ‘विडियट्स’ १९८५ मध्ये दोन मैत्रिणींनी काढलं. २०१७ मध्ये ते बंद पडलं, आणि २०२३ मध्ये एका जुन्या थिएटरमध्ये, पडद्यासकट, पुन्हा उघडलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फ्लिक्स’नं (१९८२) दुकानातच छोटे छोटे पडदे बसवले, मित्रमंडळींनी खोली घ्यावी आणि फळीवरचा हवा तो चित्रपट लावावा. कासेलचं ते पहिलं दुकानही चित्रपटप्रेमींच्या संस्थेनं पुढे चालवायला घेतलं.

नुसत्या भाड्यावर यातलं क्वचितच एखादं चालेल. देणग्या, सभासद वर्गणी, चित्रपटांच्या खेळांची तिकिटं आणि स्वयंसेवकांचे तास, असं सगळं मिळून गाडा चालतो. सार्वजनिक वाचनालयासारखा. मला वाटतं, या दुकानांना आपण पहिल्यापासून त्याच नजरेनं पाहायला हवं होतं.

माझ्याकडे जुन्या कॅसेट आहेत. त्यांचं काय करू?

फेकू नका आणि घाईनं लावूनही बघू नका. आधी झडप उघडून फीत पाहा. गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी यंत्रातल्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. तिला वेगळं ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगल्या कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. टीव्ही, स्पीकर यांच्यापासून लांब, कारण फीत चुंबकीय असते.

मग एकेक नाव शोधून बघा. डिस्कवर किंवा ऑनलाइन कुठेही मिळत नसेल, तर त्या कॅसेटची आधी नक्कल करून घ्या, बाकीच्या नंतर. नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलंय, त्यामुळे चालू यंत्र मिळालं तर ते जपून वापरा. आणि देऊन टाकायच्या असतील तर गाजलेल्या चित्रपटांच्या कॅसेट कुणालाही द्या. ज्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही, त्या मात्र चित्रपट जपणाऱ्या संग्रहाकडे विचारल्याशिवाय हातावेगळ्या करू नका.